विल्यम निकल्सन : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

विषय पक्का झाला. जानेवारीच्या शेवटी कलामंडळात दृक्श्राव्य व्याख्यान, आणि सोबत माझी व वर्गातल्या मुलांची अभ्यासचित्रं. चित्रकार सर विल्यम निकल्सन, १८७२ ते १९४९. स्थिरचित्रं आणि व्यक्तिचित्रं यांत आयुष्य घालवलेला इंग्रज माणूस.

मंडळात बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना तो अमूर्त चित्रकार बेन निकल्सनचा बाप म्हणून माहीत आहे. पाश्चात्त्य चित्रकलेवर बोलायला बसलं की आपल्याकडे पॅरिसच्या बाहेर फारसं कुणी जात नाही, त्यामुळे टर्नर आणि कॉन्स्टेबल सोडले तर इंग्लंड कोरंच राहतं. मला ते खटकतं.

व्याख्यानातून एकच गोष्ट पटवायची आहे. निकल्सनच्या चांदीच्या भांड्यांवरची चकाकी सगळे वाखाणतात. पण ती चकाकी चित्रात सगळ्यात शेवटी येते. तिच्या खाली कात्रीने कापावा तसा नेमका आकार बसलेला असतो, आणि तो कापायला हा माणूस पोस्टरं करताना शिकला. व्यक्तिचित्र असो की बुटांचा जोड, त्याची सुरुवात तिथूनच होते.

४ डिसेंबर

चरित्राचा कच्चा आराखडा. जन्म ५ फेब्रुवारी १८७२, नॉटिंगहॅमशरमधलं नेवार्क-ऑन-ट्रेंट. वडिलांचा शेतीच्या अवजारांचा आणि लोखंडी कामाचा कारखाना. पुढे ते पार्लमेंटचे सभासदही झाले. मुलगा धाकटा आणि चित्रवेडा. बुशी गावात ह्यूबर्ट फॉन हर्कोमरची चित्रशाळा होती, तिथे तो गेला. गुरू-शिष्याचं जमलं नाही आणि त्याला तिथून घालवून देण्यात आलं. मग थोडे दिवस पॅरिसला अकादमी ज्युलियाँमध्ये.

बुशीत शिक्षण अर्धवट राहिलं, पण तिथेच मेबल प्राइड भेटली. तीही चित्रकार. १८९३ मध्ये दोघांनी घरच्यांना न सांगता लग्न केलं. पुढे चार मुलं: बेन, टोनी, नॅन्सी, किट.

मेबलची चित्रं पाहत बसलो होतो. घरातल्या अंधाऱ्या खोल्या, त्यात वेष बदलून उभी असलेली तिची मुलं. हात चांगलाच तयारीचा आहे. संसारात तिची चित्रं मागे पडली आणि नवऱ्याची पुढे गेली. व्याख्यानात हे ओझरतं सांगून भागणार नाही.

९ डिसेंबर

मेबलचा भाऊ जेम्स प्राइड. लग्नानंतर निकल्सन दांपत्य बकिंगहॅमशरमध्ये डेनहॅम गावी एका जुन्या खाणावळीच्या घरात राहायला गेलं आणि जेम्स तिथे मुक्कामालाच आला. १८९४ पासून मेव्हण्या-मेव्हण्यांनी मिळून पोस्टरं करायला घेतली. नाव घेतलं ‘बेगरस्टाफ’. हे नाव त्यांना एका जुन्या पोत्यावर छापलेलं दिसलं होतं.

पद्धत अशी की रंगीत कागद कापायचे आणि मोठ्या कागदावर मांडत जायचे. सावल्या नाहीत, उठाव नाही, बारकावे नाहीत. नट गॉर्डन क्रेगच्या ‘हॅम्लेट’साठी केलेलं पोस्टर तर साध्या तपकिरी वेष्टनाच्या कागदावर आहे. बाजूने दिसणारा उभा हॅम्लेट, बस. हार्पर्स मासिकाच्या पोस्टरवर लंडन टॉवरचा लाल डगलेवाला पहारेकरी आहे. काही ठिकाणी त्याच्या अंगाची कड काढलेलीच नाही आणि तरी डोळा ती पुरी करतो. नट हेन्री आयर्व्हिंगच्या लायसियम थिएटरसाठी केलेलं ‘डॉन किहोते’चं पोस्टर छापलंच गेलं नाही. राउंट्री कंपनीच्या कोकोचं मात्र भिंतींवर लागलं.

पैसा फारसा मिळाला नाही आणि काही वर्षांत जोडी थांबली. पोस्टरच्या इतिहासात मात्र आज फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या शेजारी यांचं नाव घेतात, आणि ते रास्त आहे.

१२ डिसेंबर

नववीच्या मुलांबरोबर प्रयोग. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद प्रत्येकाला अर्धा ताव, एक काळा घोटीव कागद, एक विटकरी. टेबलावर किटली, दोन कप आणि एक लिंबू. अट एवढीच की पेन्सिल हातात घ्यायची नाही. कात्री आणि खळ.

सुरुवातीला सगळ्यांनी किटली अख्खी कापली, मग झाकण वेगळं, कान वेगळा. सगळं सुटं सुटं दिसायला लागलं. मग सांगितलं, किटलीची अंधारी बाजू आणि टेबलावरची तिची सावली हा एकच तुकडा समजा आणि एकदम कापा. एका मुलीने तसं केलं आणि किटली टेबलावर टेकली. तोवर ती हवेत होती. वर्गाने ते लगेच ओळखलं, मला बोट दाखवावं लागलं नाही.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्राच्या पेपरला ही मुलं बसतील तेव्हा पुन्हा आधी बाह्यरेषा, मग छटा, मग ‘हायलाइट’ असाच क्रम धरतील. पण एकदा डोळ्याने तो अंधाराचा तुकडा पाहिला की तो विसरत नाही, अशी माझी आशा आहे.

१६ डिसेंबर

आज फक्त ठसे. १८९७ साल, राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीची साठ वर्षं. हेन्लीच्या ‘न्यू रिव्ह्यू’ मासिकात निकल्सनचा राणीचा लाकडी ठसा छापून आला. राणी म्हणजे जवळजवळ एक काळा घुमट, वर छोटासा पांढरा चेहरा, पायाशी केसाळ कुत्रा. दरबारी चित्रकारांनी दागिने, पदकं, झालरी यांत जे कधी पकडलं नाही ते इथे एका काळ्या आकारात आलंय: म्हातारी, विधवा, बुटकी आणि जागेवरून न हलणारी. त्या एका ठशाने त्याचं नाव झालं.

प्रकाशक हाइनमनकडे त्याची शिफारस चित्रकार व्हिस्लरने केली होती. मग मुळाक्षरं, बारा महिन्यांचे खेळ, लंडनमधले नाना तऱ्हेचे लोक असे संच निघाले. थोड्या प्रती थेट लाकडी ठशावरून काढून हाताने रंगवलेल्या असत, बाकीच्या शिळाछापाच्या. मुळाक्षरांतलं पहिलं अक्षर आर्टिस्टचं, आणि तिथे त्याने स्वतःला बसवलं, फूटपाथवर खडूने चित्रं काढणारा म्हणून.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. या यशावर माणूस आयुष्यभर बसून खाऊ शकला असता. त्याने हळूहळू ठसे सोडले आणि तैलरंग धरले.

२१ डिसेंबर

बाजारात मटार उतरलाय, त्यामुळे ज्या चित्राची वाट पाहत होतो ते हाती घेता आलं. ‘हिरव्या मटारसह रुपेरी वाडगं’, १९११, एडिंबरा इथल्या राष्ट्रीय संग्रहातलं. नक्कल करायची नाही, मांडणी तशी करून तो कसा पाहत असेल ते स्वतःच्या हाताने तपासायचं.

घरातलं स्टीलचं मोठं वाडगं घेतलं, शेंगा ओतल्या, दोन-चार बाहेर पडू दिल्या. उत्तरेची खिडकी उघडी, बाकी पडदे ओढलेले. हार्डबोर्डचा तुकडा, त्यावर राखाडी प्रायमर. रंग मोजके: पांढरा, आयव्हरी ब्लॅक, रॉ अंबर, यलो ओकर, थोडा व्हिरिडियन.

पहिली बैठक नुसत्या आकारांची. वाडग्याची अंधारी कूस आणि टेबलावरची सावली एकत्र, अंबर आणि काळ्याने, पातळ. शेंगांचा ढीग हा एकच हिरवा डाग. एवढ्यावर थांबलो.

२३ डिसेंबर

वाडग्याचं पोट जवळून पाहिलं की डोकं गरगरतं. त्यात खिडकी आहे, पण वाकलेली, वर रुंद आणि खाली निमुळती. खिडकीचे गज दोन बारीक काळ्या कमानी झालेत. त्याखाली टेबल उलटं दिसतं, आणि बाहेर पडलेली एक शेंग त्यात ताणून वीतभर लांब झालीय. मधोमध मी आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. हे सगळं काढायला बसलं तर वाडगं हरवतं, नुसता आरसा उरतो.

मग निकल्सनच्या चित्राची मोठी प्रत समोर ठेवून पाहिली. त्याच्याही वाडग्यात खिडक्यांचा उजेड आहे, पण त्याने त्यातलं थोडंसंच घेतलंय. ब्रशच्या सपाट कडेने दिलेले दोन-तीन जाड फटकारे, खालचा रंग ओला असतानाच. फटकाऱ्याची एक कड तीक्ष्ण, दुसरी खालच्या रंगात विरलेली. त्या तीक्ष्ण कडेमुळेच वाडगं कठीण वाटतं. निव्वळ पांढरा रंग तर ठिपक्याएवढा. बाकी ज्याला आपण चांदी म्हणतो ते सगळं राखाडी आहे, आणि तेही काही ठिकाणी हिरव्याकडे झुकलेलं, कारण शेजारी शेंगा आहेत.

खिडकीचा फटकारा मी अगदी शेवटी दिला. ब्रश उचलला आणि वाडगं गोल झालं. एवढी वर्षं शिकवतोय, तरी तो क्षण आला की छातीत काहीतरी होतं.

२८ डिसेंबर

व्यक्तिचित्रांचा दिवस. ही त्याची रोजीरोटी होती. कमिशनची व्यक्तिचित्रं करायची आणि त्यावर घर चालवून वस्तू आणि निसर्ग स्वतःच्या आनंदासाठी रंगवायचे, असा त्याचा शिरस्ता. ससेक्समध्ये रॉटिंगडीनला राहत असताना त्याने तिथल्या उघड्याबोडक्या टेकड्यांची फार सुंदर छोटी चित्रं केली. ती या व्याख्यानात बसणार नाहीत.

पडद्यावर दाखवायला तीन निवडली. एक, मॅक्स बीअरबोमचं १९०५ चं चित्र. उंची राहणीचा हा लेखक आणि व्यंगचित्रकार लांब कोटात उभा आहे, गडद पार्श्वभूमीवर गडद आकृती. बेगरस्टाफची कात्री इथे सरळ दिसते. दुसरं, ‘फाटक्या हातमोज्याची मुलगी’, १९०९, केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात. चेहऱ्याइतकंच महत्त्व त्या हातमोज्याला आहे, आणि चित्राचं नावही त्यावरूनच. तिसरं सिडनी आणि बीअट्रिस वेब या दांपत्याचं, १९२८-२९ चं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं. ती संस्था उभी करणाऱ्यांत हे दोघे होते. घरातली शेकोटी, कागदपत्रं, दोन म्हातारी माणसं. त्यांनी आयुष्यभर काय केलं ते त्या खोलीवरून कळतं.

माणूस आणि त्याच्या भोवतालच्या वस्तू यांच्याकडे हा चित्रकार एकाच अदबीने पाहतो. व्हेलास्केथकडून तो हे शिकला असावा असं मला वाटतं. त्याच्या चित्रांतल्या करड्या-काळ्या रंगांवर त्या स्पॅनिश उस्तादाची छाप सरळ दिसते.

आणि त्याची स्वतःची राहणी! पांढरी डक कापडाची विजार, ठिपक्यांची कॉलर, चकाकते बूट, आणि याच वेषात तैलरंगाचं काम. लंडनमध्ये सेंट जेम्स भागात ॲपल ट्री यार्ड नावाच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ होता.

२ जानेवारी

१९१८. ही नोंद लिहायला जड जाते.

जानेवारीत मुलगी नॅन्सीचं लग्न कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌जशी झालं. जुलैत मेबल फ्लूच्या साथीत गेली. ऑक्टोबरात दुसरा मुलगा टोनी फ्रान्सच्या आघाडीवर झालेल्या जखमांनी गेला. युद्ध थांबायला काही आठवडेच उरले होते.

त्याच वर्षीचं ‘कॅनडाचा मुख्यालयातील अधिकारीवर्ग’ हे भलंमोठं चित्र आज ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे. नीटनेटक्या गणवेशातले अधिकारी उभे आहेत आणि त्यांच्या मागे भिंतभर एक फोटो आहे: बॉम्बगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेलं ईप्र शहर, तिथल्या मध्ययुगीन क्लॉथ हॉलचे अवशेष. अधिकारी त्या विध्वंसात उभे नाहीत, त्याच्या फोटोसमोर उभे आहेत. युद्धाची पुष्कळ चित्रं पाहिली, पण युद्ध चालवणारे आणि युद्ध भोगणारी जागा यांतलं अंतर इतक्या थंडपणे मांडलेलं दुसरं आठवत नाही.

या चित्राला पडद्यावर पूर्ण दोन मिनिटं द्यायची, आणि त्या वेळात मी बोलायचं नाही.

६ जानेवारी

व्याख्यानाचा मध्यभाग आज लिहून झाला: जीकिलबाईंचे बूट.

१९२० चा ऑक्टोबर. वास्तुविशारद एडविन लटयन्सने निकल्सनला आपल्या जुन्या स्नेही गर्ट्रूड जीकिल यांचं व्यक्तिचित्र करायला सांगितलं. त्या काळात लटयन्सच्या हाती नव्या दिल्लीचं काम होतं. पण त्याच्या घडणीत या बाईंचा वाटा मोठा, आणि सरे परगण्यातलं मन्स्टेड वूड हे त्यांचं घर त्यानेच बांधलेलं. जीकिल तेव्हा ७६ वर्षांच्या. इंग्लंडच्या बागांची रंगसंगती ज्यांनी ठरवली त्या याच. मूळच्या चित्रकार, साउथ केन्सिंग्टनला शिकलेल्या. दृष्टी अधू होत गेली तशा बारीक कामाकडून बागेकडे वळल्या आणि कॅनव्हासऐवजी वाफ्यांत रंग लावू लागल्या.

दिवसाउजेडी चित्राला बसायला त्या तयार नव्हत्या. उजेड आहे तोवर बागेत काम. त्यामुळे बैठका संध्याकाळी, दिव्याच्या प्रकाशात. त्या चित्रात बाई खुर्चीत बसल्या आहेत, जाड भिंगांचा चष्मा, दोन्ही हातांची बोटं टोकांशी जुळलेली. नजर आपल्याकडे नाही. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

मग चित्रकाराने दिवसभर करायचं काय? त्याने बाईंचे बागकामाचे बूट घेतले आणि ते रंगवले. लाकडी फळी, जेमतेम फूटभर उंच, सव्वा फूट रुंद. टेट गॅलरीच्या मालकीचं हे चित्र आता बाईंच्या व्यक्तिचित्रापेक्षाही जास्त लोकांना ठाऊक आहे.

प्रत मोठी करून जवळून पाहिली. कातडं घोट्यापाशी इतक्यांदा वाकलंय की तिथल्या घड्या कायमच्या बसल्यात. जिथे रोज भार पडतो तिथे बूट पसरलाय. पाय आत नाही, पण पायाचा घाट बुटाने धरून ठेवलाय. रंग तपकिरी, मातकट, काळा, पण सुरकुतीच्या कडेवर उजेडाची एक थंड रेघ जाते आणि कातडं जिवंत होतं. रुपेरी वाडग्यावर जो फटकारा देतो तोच इथेही, फक्त रंग मंद. आणि डोळे बारीक करून पाहिलं तर दोन्ही बूट मिळून एकच काळा आकार, डेनहॅमच्या घरात कात्रीने कापला असता तसा.

व्हॅन गॉगच्या बुटांशी याची तुलना लोक करतात. मला ती नेमकी वाटत नाही. व्हॅन गॉगच्या बुटांत थकवा आहे, त्याचा स्वतःचा. या बुटांत एका म्हातारीचा कामाचा झपाटा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बूट पुन्हा चिखलात जाणार आहेत.

१० जानेवारी

मुलांना गृहपाठ दिला होता, घरातल्या एका माणसाची रोजच्या कामाची पादत्राणं आणायची. “सर, धुऊन आणायची का?” एकाने विचारलं. म्हटलं, नाही, आहेत तशीच.

गवंड्याचे सिमेंटने पांढरे झालेले बूट आले, पोस्टमन आजोबांच्या जुन्या सँडल आल्या. एकीने आईची शेतात घालायची प्लास्टिकची चप्पल आणली. अंगठ्याजवळचा पट्टा तुटलेला, तो तांब्याच्या तारेने टाचलेला, आणि टाच एका बाजूला जास्त झिजलेली. मुलगी चित्र काढता काढता म्हणाली, “सर, आई डाव्या पायावर जोर देऊन चालते, ते मला आज कळलं.”

तिचं चित्र प्रदर्शनात लावायचं. तार तिने पिवळ्या-नारिंगी खडूच्या एकाच रेघेत दाखवलीय, आणि ती रेघ बरोबर जागी आहे.

१४ जानेवारी

संक्रांत, शाळेला सुट्टी. एक छोटा दुवा टिपून ठेवतो: १९१५ मध्ये निकल्सन हिंदुस्थानात आला होता, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांचं चित्र करायला. तिथे त्याने व्हाइसरॉयच्या ऑर्डर्लीलाही चित्रात उभं केलं. व्हाइसरॉयबरोबर ऑर्डर्लीही रंगवावासा वाटला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. एका स्लाइडपुरतं पुरे.

१८ जानेवारी

शेवटचा भाग. १९३६ मध्ये ‘सर’ किताब. त्याच दशकात चर्चिल दांपत्याच्या लग्नाच्या पंचविशीनिमित्त दोघांचं एकत्र चित्र करायचं काम मिळालं, त्यासाठी चार्टवेल या त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं आणि हौशी चित्रकार चर्चिल त्याच्याकडून शिकू लागले. चर्चिलच्या पुढच्या चित्रांत रंग निवळले ते निकल्सनमुळे असं मानतात.

१९३७ चा ‘सोन्याचा जग’ (जग म्हणजे पाणी ओतायचं भांडं) ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. मला त्याहून १९४० ची टेटमधली ‘आळंबी’ जास्त आवडतात. चांदी नाही, सोनं नाही, सजावट नाही. ६८ व्या वर्षी त्याला चकाकीचीही गरज उरली नव्हती.

१९४२ मध्ये नॅशनल गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं, आयर्लंडचा चित्रकार जॅक येट्स याच्याबरोबर. गॅलरीची मूळ चित्रं बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने वेल्समधल्या मॅनॉडच्या दगडखाणीत हलवलेली होती. त्या रिकाम्या भिंतींवर त्याचे जग, वाडगी, माणसं लागली. १६ मे १९४९ रोजी तेव्हाच्या बर्कशरमधल्या ब्ल्यूबरी गावी तो गेला.

आणि बेन. मुलाने पांढऱ्या आयतांची आणि वर्तुळांची अमूर्त उठावचित्रं केली, जगभर नाव कमावलं, आणि समीक्षकांनी बापाला जुन्या जमान्यात ढकललं. पण आपल्या स्थिरचित्रांचं मूळ क्युबिझममध्ये नसून वडिलांत आहे, त्यांच्या चित्रांत आणि त्यांनी जमवलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या, ठिपक्याठिपक्यांच्या जगांत आहे, असं बेनने स्वतः सांगून ठेवलंय. १९११ मधलं बेनचं सुरुवातीचं चित्रही एका पट्टेदार जगाचंच. बापाचं १९१६ चं ‘शंभर जग’ आणि मुलाचं हे चित्र पडद्यावर शेजारी शेजारी लावणार आहे. पुढे बेनच्या पांढऱ्या उठावचित्रांत जी कापीव कड दिसते ती मला डेनहॅमच्या रंगीत कागदांचीच वारस वाटते. हे माझं मत आहे आणि ते मी व्याख्यानात ठामपणे मांडणार आहे.

२३ जानेवारी

रंगीत तालीम झाली. वेळ जास्त होतोय, म्हणून ‘पीटर पॅन’च्या १९०४ च्या पहिल्या प्रयोगासाठी केलेले पोशाख आणि स्पेनमधली बुलरिंगची चित्रं गाळली. बुटांचा भाग एका वाक्यानेही कमी केलेला नाही.

प्रदर्शनाची मांडणी: डाव्या भिंतीवर मुलांची खाकी कागदावरची कात्रणं, समोर पादत्राणं, उजवीकडे माझी वाडग्याची दोन चित्रं, आधीच्या अवस्थेचा फोटो शेजारी लावून, म्हणजे खिडकीचा फटकारा यायच्या आधी चित्रात काय होतं ते लोकांना दिसेल.

मेबलची चित्रं दोन स्लाइडमध्ये उरकणं मनाला पटेना. ती काढून फक्त एक ठेवली आणि कार्यवाहांना पत्र दिलं, पुढच्या हिवाळ्यात मेबल निकल्सनवर स्वतंत्र प्रकल्प घ्यावा, साहित्य जमवायला मी आत्तापासून लागतो.